जपून ठेवलेले स्नायू

“शरीर हे यंत्र आहे. साठीपर्यंत आपण ते वापरलं, आता ते जपायचं. जड उचलू नका, जिने टाळा, सकाळी थोडं चाललात की पुरे. आणि कुठे दुखलं तर तिथल्या तिथे थांबा.” गेल्या महिन्यात एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात वक्त्यांनी हे सांगितलं आणि सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी आई बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी नेमका हाच सल्ला तिला मिळाला होता, तिने तो तंतोतंत पाळला होता, आणि त्या पाळण्याने ती जिथे पोचली होती तिथून परत यायला तिला दीड वर्ष लागलं होतं.

वक्त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत, आपल्या वयाच्या माणसांना इजा होऊ नये एवढंच त्यांना हवं आहे. पण जे ते बोलले ते चूक आहे. अपुरं किंवा एकांगी असतं तर मी गप्प बसलो असतो. ते मुळातच चूक आहे आणि घरोघरी प्रेमापोटी बोललं जातं, म्हणून ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. “आई, राहू दे ते, मी उचलतो.” “बाबा, तुम्ही बसा, रिक्षा दारातच बोलावू.” हे आपण सगळे म्हणतो. मीही म्हणालो आहे.

सुरुवात त्या यंत्रापासूनच करू. यंत्राचा बेअरिंग फिरला की झिजतो. झिजलेला पोलाद पुन्हा येत नाही, म्हणून यंत्र जपून वापरायचं हे बरोबर. स्नायूचा व्यवहारच वेगळा आहे. स्नायूतली प्रथिनं रोज थोडी मोडली जातात आणि रोज थोडी नव्याने बांधली जातात. दिवसाला साधारण एक ते दीड टक्का. आज तुम्ही ज्या मांड्यांवर जोर देऊन उठता त्यांच्यातली बरीचशी प्रथिनं चार महिन्यांपूर्वी बांधलेलीच नव्हती. ही मोडतोड तुम्ही धावलात तरी होते, पलंगावर पडून राहिलात तरी होते. ती थांबवणं आपल्या हातात नाही. बांधकाम किती व्हायचं, हे मात्र बऱ्याच अंशी आपण त्या स्नायूकडून काय काम मागतो त्यावर ठरतं.

याला जवळचं काही असेल तर ते आमच्या कोकणातलं मातीचं घर. घर राहतं असलं की टिकतं. जमीन उखणली की सारवली जाते, पावसाआधी घर शाकारलं जातं, चुलीच्या धुराने वासे सुके राहतात. तेच घर कुलूप लावून मुंबईला गेलात की चार पावसांत वाळवी लागते आणि पाचव्या पावसात पडवी बसते. त्या घरात कुणी पाऊलही ठेवलेलं नसतं, ते कुणी वापरून झिजवलेलं नसतं. ते पडतं ते रोजची डागडुजी थांबली म्हणून.

आता स्नायू आकसतो म्हणजे आत काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘झीज’ ही कल्पना हा कारभार न पाहिल्यामुळेच टिकून आहे. एका स्नायूत हजारो स्नायुतंतू असतात, प्रत्येक तंतूत त्याहून बारीक धाग्यांच्या जुड्या, आणि त्या धाग्यांत दोन प्रकारच्या प्रथिनांच्या काड्या एकाआड एक रचलेल्या: जाड काड्या मायोसिनच्या, बारीक ॲक्टिनच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक शास्त्रज्ञांना वाटत होतं की आकसताना ही प्रथिनंच दुमडतात किंवा गुंडाळली जातात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव एक असलं तरी दोघे हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते, प्रयोगही स्वतंत्र होते, आणि निष्कर्ष एकच होता: काड्यांची लांबी बदलत नाही, त्या एकमेकींशेजारून सरकतात.

किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पुढचं समजायला वेळ लागणार नाही. दोराला माणसं लागलेली असतात. प्रत्येक जण दोर धरतो, मागे खेचतो, हात सोडतो, पुढे जाऊन पुन्हा धरतो. कुणीही आखूड होत नाही, जाळं मात्र वाळूकडे येत राहतं. मायोसिनच्या काडीला अशीच असंख्य डोकी असतात. मेंदूकडून निघालेला निरोप चेतातंतूतून स्नायूत पोचला की आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या होतात आणि ही डोकी तिथे पकड घेतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. एका ओढीत सरकलेलं अंतर मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाएवढं. अशा अगणित ओढी एकत्र आल्या की हातातला तांब्या तोंडापर्यंत येतो.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पकड सोडण्याची आहे. एटीपी नावाचा पेशीतला इंधनाचा रेणू येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनचं डोकं ॲक्टिनला सोडतच नाही. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठरतो तो याचमुळे: पेशींत एटीपी उरत नाही आणि लागलेल्या पकडी सुटत नाहीत. जिवंतपणी सुटलेलं कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घ्यायलाही एटीपीच खर्ची पडतो. म्हणजे स्नायू सैल ठेवायलासुद्धा शरीर खर्च करत असतं. ‘वापरला नाही म्हणजे वाचला’ हा हिशेब लोखंडाला लागू पडतो; इथे लागू पडेल अशी जागाच नाही.

आणि ओढ हाच बांधकामाचा निरोप असतो. स्नायूवर ताण आला की तो ताण पेशीला कळतो आणि नवी प्रथिनं रचण्याची यंत्रणा जागी होते. कुठे बारीक इजा झाली तर तंतूंच्या कडेला झोपून असलेल्या पेशी कामाला लागतात. अलेक्झांडर मॉरो यांना त्या १९६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. म्हातारपणी त्या कमी होतात, पण नाहीशा होत नाहीत. निरोपच गेला नाही तर मात्र शरीर एवढं महागडं ऊतक कशासाठी सांभाळेल? अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांकडे पाहा. तिथे मांड्या, पोटऱ्या आणि पाठ यांना शरीराचं वजन पेलावंच लागत नाही. वक्त्यांच्या भाषेत तो संपूर्ण आराम. तरुण, निरोगी, निवडून घेतलेली ती माणसं, आणि तरी त्यांचे पाय बारीक होतात. म्हणून तिथे दिवसाचे सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात, आणि त्यात जोर लावण्याचं खास उपकरण असतं.

जमिनीवरचे पुरावेही आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. आजारी कुणी नव्हतं, जेवण व्यवस्थित होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे एक किलोने घटलं. दहा दिवस म्हणजे आपल्याकडे एका साध्या आजारपणाचा मुक्काम.

आईचं तेच झालं. तापाने ती नऊ दिवस इस्पितळात होती. ताप उतरला, रक्ताचे आकडे सुधारले, आणि घरी सोडताना सांगितलं गेलं की आता या वयात आराम करायचा, काही उचलायचं नाही. आम्ही भावंडांनी ते फार मनापासून पाळलं. पाट गेला आणि उंच खुर्ची आली. पाण्याची बाटली उशाशी आली, देव्हारा खालच्या फळीवरून वर आला, न्हाणीघरात स्टूल आलं, कामाला बाई लागली. उठण्याचं प्रत्येक कारण आम्ही एकेक करून काढून घेतलं. तीन महिन्यांनी ती कॉटवरून हातांचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नव्हती, आणि नातेवाईक म्हणू लागले, “आता वय दिसायला लागलं.” ते वय नव्हतं. ताप येण्याआधी, म्हणजे चारच महिन्यांपूर्वी, ती अंगणात वाकून पातेरा काढत होती. वय चार महिन्यांत एवढं येत नाही.

आता चालण्याकडे वळतो, कारण सगळ्यांत जास्त टाळ्या त्या वाक्याला होत्या. सकाळी चालणं चांगलंच. हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला, मनाला. चालू नका असं मी म्हणत नाही. ‘चालणं पुरे’ यातल्या ‘पुरे’ला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण स्नायू कामाला कसे लागतात यात आहे.

पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमाखालचे स्नायुतंतू मिळून एक टोळी होते. हुकूम सुटला की टोळीतले सगळे तंतू एकदम आकसतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका टोळीत दहा-वीसच तंतू असतील. पोटरीतल्या मोठ्या टोळीत हजाराच्या वर. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९५७ ते १९६५ या काळात दाखवून दिलं की या टोळ्यांना बोलावण्याचा एक क्रम असतो. लहान, हळू चालणाऱ्या, न दमणाऱ्या टोळ्या आधी. जोर कमी पडला की त्याहून मोठ्या. सगळ्यांत मोठ्या, जलद आणि ताकदवान टोळ्या सगळ्यांत शेवटी, आणि गरज पडली तरच. घरातल्या माणसांनी भागत असेल तर वाडीला हाक मारत नाहीत, तसं. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालताना घरातल्या माणसांनीच भागतं. पाच हजार पावलं चाला नाहीतर दहा हजार, वाडीला हाक जातच नाही.

आणि वयानुसार सर्वांत जास्त बारीक होतात ते याच मोठ्या टोळ्यांमधले जलद तंतू. काही चेतापेशीही वयाबरोबर मरतात. त्यांचे तंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी आपल्यात घेते, बाकीचे विरून जातात. हे कुठल्याही व्यायामाने पूर्ण थांबत नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. पण हे तंतू कशासाठी होते याचा विचार करा. उंबरठ्याला पाय अडखळला की तोल सावरायला सेकंदाचाही वेळ नसतो. त्या निमिषात दुसरा पाय पुढे टाकून सगळं वजन त्यावर झेलायचं असतं. ते काम हळू तंतूंच्या आवाक्यातलं नाही. ज्या मांडीतल्या जलद तंतूंना दहा वर्षांत कुणी बोलावलंच नाही, ती मांडी त्या क्षणी उशीर करते आणि खुब्याचं हाड मोडतं. असे कितीतरी लोक नेमाने फिरायला जाणारे असतात. “रोज चालायचे हो, तरी कसे पडले?” असं आपण म्हणतो. त्यांनी चालण्याचा सराव केला होता, सावरण्याचा केला नव्हता.

त्या मोठ्या टोळ्यांना बोलावायचं तर जोर लावावा लागतो. ‘जड’ या शब्दाने घाबरून जाऊ नये. जड म्हणजे ज्याचं त्याला जड. सात-आठ वेळा उचलल्यावर पुढच्या दोन वेळा कठीण जाव्यात इतपत. माझ्या आईसाठी सुरुवातीला खुर्चीतून हात न टेकता उठणं हेच जड होतं; तिचं स्वतःचं अंग हेच तिचं वजन. हलकं वजनसुद्धा स्नायू दमेपर्यंत उचललं तर शेवटी शेवटी मोठ्या टोळ्यांना यावंच लागतं. ही गोष्ट आपल्याकडच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुद्गल आणि करेला फिरवणारा, बैठका काढणारा पहिलवान आकडा वाढवतो, वजन वाढवतो, म्हणूनच त्याचं अंग भरतं. मग तीच समज आपण दारातल्या म्हाताऱ्या माणसाला का लावत नाही?

“पण या वयात शरीर प्रतिसाद देतं का?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर मिळून पस्तीस वर्षं झाली. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात दहा अशक्त रहिवासी घेतले. वय शहाऐंशी ते शहाण्णव. त्यांच्याकडून मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आठवड्यातून तीनदा करून घेतला, आणि तोही गुळमुळीत नाही: एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन पेलता येईल त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. आठ आठवड्यांनी, जे नऊ जण टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मधल्या भागातला स्नायू नऊ टक्क्यांनी भरला. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. हे १९९० साली छापून आलं. चार वर्षांनी त्याच गटाने शंभर वृद्धांवर, सरासरी वय सत्त्याऐंशी, मोठी चाचणी केली. तिथेही ताकद दुपटीच्या वर गेली, आणि चालण्याचा वेग व जिने चढण्याची क्षमताही सुधारली. आकड्यांकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. ताकद दुपटीहून जास्त झाली आणि स्नायू थोडाच वाढला. बाकीची वाढ चेतासंस्थेची: जे तंतू होते त्यांनाच मेंदू पुन्हा नीट बोलावू लागला. इतकी वर्षं ते तिथेच होते, हाक न आलेले.

हे वाचून कुणी म्हणेल की ती अमेरिकन माणसं, मांस-अंडी खाल्लेली. आपल्या लोकांचं काय? आपल्या लोकांची गरज उलट जास्त आहे, आणि याचा पुरावा पुण्यातला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघे सारखे, आत स्नायूंची शिल्लक वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला हाच प्रकार जन्मापासूनच दिसला: वजनाला लहान बाळं, त्यांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमाने रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं कोठार हा स्नायूच असतो, आणि काम करणारा स्नायू तर इन्शुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. ज्या समाजाचं कोठार जन्मापासूनच लहान, आणि ज्यात घरटी मधुमेह, त्या समाजातल्या माणसाला साठीनंतर उरलेलं कोठारही रिकामं करायला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

‘दुखलं तर थांबा’ याबद्दल. सांध्यात कळ आली, छातीत दडपलं, चक्कर आली, तर थांबायलाच हवं आणि डॉक्टरांकडे जायला हवं. पण नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात ते दुखणं वेगळं. पुष्कळांना सांगितलं जातं की ते ‘लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे’. हा गैरसमज इतका जुना आहे की त्याला एका नोबेलची सावली आहे. १९२२ सालचं वैद्यकशास्त्राचं पारितोषिक आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना मिळालं, आणि त्या काळात लॅक्टिक आम्ल हेच स्नायूच्या आकुंचनाचं मूळ मानलं जाई. मग १९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडल्याचं जाहीर केलं; एटीपी संपत आला की क्षणार्धात तो भरून देणारा हा साठा. भीमवरमहून निघालेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं होतं. १९३० साली डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होणंच विषाने बंद करून दाखवलं, आणि स्नायू तरीही आकसला. व्यायामाने रक्तात वाढलेलं लॅक्टेट तास-दीड तासात उतरतं, हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या दिवशीचा ठणका येतो तो न सरावलेल्या स्नायूला ताणाखाली लांबावं लागल्याने झालेल्या बारीक इजेमुळे; म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरल्यावर जास्त दुखतं. तो चार दिवसांत ओसरतो आणि पुढच्या वेळी कमी येतो. आईला तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा शेजारणीने व्यायाम बंद करायला सांगितला होता. तेव्हाच थांबलो असतो तर सगळंच तिथे संपलं असतं.

गुडघ्यांचा मुद्दा उरतो. “कूर्चा झिजलीय, आता पायांवर भार नको.” कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब आला की तिच्यातला द्रव बाहेर पडतो, दाब गेला की आत येतो, आणि तिचं पोषण याच ये-जा करण्यातून होतं. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की पाऊल टेकतानाचा धक्का थेट सांध्यावर येतो. म्हणून तर गुडघ्याच्या संधिवातावर व्यायाम हा आज पहिल्या फळीतला उपचार मानतात. हाडांचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत हाडं विरळ झालेल्या, रजोनिवृत्त शंभरएक बायकांपैकी एका गटाने देखरेखीखाली आठ महिने खरोखर जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची घटली. हे देखरेखीखाली झालं, यावर मी मुद्दाम बोट ठेवतो. घरी एकट्याने पहिल्याच दिवशी पाण्याचा हंडा उचलायला जाऊ नये.

कुणी थांबायला हवं, हेही सांगायला हवं. अंगात ताप असताना, ताज्या शस्त्रक्रियेनंतर, आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात, छातीत दुखत असताना, हर्नियात डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावू नये. श्वास कोंडून जोर काढला की रक्तदाब एकदम चढतो, तेव्हा उचलताना श्वास सोडायचा. आजारात आराम हवाच, पण त्या आरामाला शेवटची तारीख हवी. ती तारीख आईच्या कागदावर लिहिलेली नव्हती.

आणखी एका गोष्टीबद्दल गप्प राहणं अप्रामाणिक होईल. हा लेख डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या ऊसतोडणी कामगार बाईसाठी नाही, दोन मैलांवरून हंडे आणणाऱ्या आजीसाठीही नाही. तिच्या स्नायूंना निरोप भरपूर जातो. कमी पडतं ते अन्न आणि विसावा. जोर लावल्यावर स्नायू बांधला जातो तो पुढच्या जेवणातून आणि झोपेतून. तिला आराम मिळायला हवा म्हणून वेगळा लेख लिहायला हवा, आणि तो यापेक्षा जास्त रागाने. मी बोलतो आहे ते लिफ्ट, कमोड, उंच कॉट आणि घरपोच किराणा यांच्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल.

अन्नाचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांवर स्नायू पूर्वीएवढा बांधला जात नाही, म्हणून साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं अधिक प्रथिन लागतं असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. “आता काय, थोडा दूधभात चालेल.” उपवासाच्या साबुदाण्यात तर जवळपास सगळा स्टार्चच. तीस ग्रॅम डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिन, एका अंड्यात सहा. पातळ वरणाच्या दोन पळ्यांनी पन्नास किलोच्या बाईची गरज भागत नाही. आईच्या ताटात आम्ही घट्ट वरण, उसळ आणि दही वाढवलं. अंडं ती खात नाही.

आईचं पुढे काय झालं ते सांगतो. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवलं आणि हात छातीशी घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईला हे दहा वेळा जमलं नाही तर पडण्याचा धोका जास्त मानतात. आईचा आकडा शून्य होता. सुरुवात दोन उशा टाकून उंच केलेल्या खुर्चीपासून झाली. महिन्याने एक उशी काढली, अडीच महिन्यांनी दुसरी. मग हातात एक लिटर पाण्याची बाटली आली, नंतर दोन. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, पायरीवर चढणं-उतरणं. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. कंटाळा आला, दोनदा खंड पडला, एकदा पाठ धरली. दीड वर्षाने तिचा आकडा बारा झाला. तरुणपणीचे पाय परत आले नाहीत, जिना ती कठडा धरूनच उतरते. पण या मे महिन्यात गावी गेल्यावर ती विहिरीवरून अर्धी कळशी घेऊन स्वतः आली आणि देव्हारा पुन्हा खालच्या फळीवर ठेवायला लावला.

म्हणून त्या वक्त्यांना माझी विनंती आहे. आपला पुढचा कार्यक्रम दोन आठवड्यांनी शेजारच्या वॉर्डात आहे असं कळलं. ‘जपा’ हा शब्द उच्चारण्याआधी सभागृहातल्या प्रत्येकाला हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठायला सांगा, आणि घड्याळ लावून मोजा. ज्यांना उठता येणार नाही त्यांची नावं लिहून घ्या, आणि त्यांना आराम सांगू नका. कुणाकडे शिकायचं ते सांगा. आई आणि मी यायला तयार आहोत. दोन उशा आम्ही घेऊन येऊ.